घर भाड्याने घ्यावं की विकत? बीडमध्ये हा हिशेब फक्त हप्त्यावर का सुटत नाही

अकरा महिने संपत आले की घरमालक येतो, चहा होतो आणि जाता जाता भाडं वाढवायचा विषय निघतो. बीडमध्ये धानोरा रोड असो की बार्शी नाका, अंबाजोगाई असो की माजलगाव, त्या रात्री भाडेकरूच्या घरात एकच चर्चा होते. ‘एवढं भाडं भरण्यापेक्षा हप्ता भरला असता, तर घर आपलं झालं असतं.’

दुसऱ्या दिवशी कुणी नातेवाईक सांगतो, की नगर रोडला प्लॉट निघालेत, आता घेतला नाही तर पुन्हा हाती लागणार नाही. कुणी म्हणतं, गावाकडे घर आहे, शेती आहे, शहरात पैसा कशाला गुंतवायचा? दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. त्यामुळे निर्णय लांबतो, नाहीतर घाईत होतो.

भाडं आणि हप्ता शेजारी शेजारी मांडले की उत्तर मिळतं, असं समजलं जातं. बीडसारख्या जिल्ह्यात आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. इथे किती वर्षं राहायचं आहे? भाड्याने राहून वाचलेला पैसा कुठे ठेवायचा? आणि जी जागा घ्यायची तिचे कागद चोख आहेत का?

‘भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे’ हे कितपत खरं?

समजा, एका जोडप्याला बीड शहरात २५ लाखांचा फ्लॅट आवडला आहे. त्याच इमारतीत तसाच फ्लॅट महिना ७ हजार रुपये भाड्याने मिळतो. हे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत, प्रत्येकाने आपापल्या भागातले भाव त्यात घालावेत.

बँक २० लाखांचं कर्ज देते. व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो साधारण १७,३५६ रुपये. स्वतःचे ५ लाख घालावे लागतात. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील आणि बाकीचा खर्च मिळून आणखी पावणेदोन लाख धरू या. म्हणजे दारात पाऊल टाकायच्या आधीच पावणेसात लाख खर्च झालेले असतात.

पहिल्या वर्षी या जोडप्याने बँकेत भरलेली रक्कम होते सुमारे २ लाख ८ हजार. त्यातले १ लाख ६८ हजार व्याजात जातात. मुद्दल फिटते फक्त ४० हजारांच्या आसपास. म्हणजे भाडेकरू घरमालकाला महिना ७ हजार देतो, तर कर्जदार बँकेला महिना १४ हजार व्याज देतो. परत न येणारा पैसा दोघांच्याही खिशातून जातो. दहा वर्षं नियमित हप्ते भरल्यानंतरही २० लाखांपैकी जवळपास १४ लाख मुद्दल बाकी असते. हा आकडा ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण दीर्घ मुदतीच्या कर्जात सुरुवातीची वर्षं व्याजाचीच असतात.

आता दुसरी बाजू. तेच जोडपं भाड्याने राहिलं आणि पावणेसात लाख त्यांनी ७ टक्के व्याजाने सुरक्षित ठेवले. हप्ता आणि भाडं यातला फरक सुरुवातीला दहा हजारांहून थोडा जास्त आहे. भाडं दरवर्षी वाढत जाईल, पण घरपट्टी, रंगरंगोटी, दुरुस्ती हा मालकाचा खर्च भाडेकरूला नाही. म्हणून सरासरी महिना १० हजार रुपये बाजूला पडतात असं मानलं, तर दहा वर्षांनी त्यांच्याकडे साधारण साडेतीस लाख रुपये जमतात.

घर घेतलेल्या जोडप्याकडे दहा वर्षांनी काय असेल, ते घराच्या भावावर ठरतं. भाव वर्षाला ५ टक्क्यांनी वाढला, तर २५ लाखांचं घर ४० लाख ७० हजारांचं होईल. उरलेलं १४ लाखांचं कर्ज वजा केलं की हातात पावणेसत्तावीस लाख. भाव ७ टक्क्यांनी वाढला तर पस्तीस लाख. ३ टक्क्यांनीच वाढला तर साडेएकोणीस लाख. या उदाहरणात दोन्ही पारडी समान व्हायला भाव दरवर्षी साधारण ६ टक्क्यांनी वाढायला हवा, आणि तोही सलग दहा वर्षं.

प्लॉट आणि फ्लॅट विकणारे सांगतात, की यापेक्षा जास्तच वाढेल. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली आणि कित्येक दशकांची मागणी अर्धी का होईना पूर्ण झाली. भाव वाढण्याचं ते एक कारण ठरूही शकतं. पण रेल्वे येणार म्हणून भाव तिच्या आधीच वाढलेले असतात. पुढची वाढ गृहीत धरून आजच जास्त पैसे मोजले, तर ती वाढ विकणाऱ्याच्या खिशात गेलेली असते.

बदलीची नोकरी आणि लेकरांची शाळा

वरच्या उदाहरणातल्या जोडप्याला तीनच वर्षांत घर विकावं लागलं तर? भाव ६ टक्क्यांनी वाढला असं धरलं, तरी भाड्याने राहिलेलं जोडपं लाख-सव्वा लाखाने पुढे असतं. दलाली धरली तर आणखी. कारण सरळ आहे. खरेदीच्या वेळी गेलेले पावणेदोन लाख दहा वर्षांत विभागले तर वर्षाला साडेसतरा हजार पडतात, तीन वर्षांत विभागले तर वर्षाला अठ्ठावन्न हजार. म्हणून पाच-सात वर्षांच्या आत जागा सोडायची शक्यता असेल, तर साधारणपणे भाड्याचं घर परवडतं.

बीड जिल्ह्यात ही शक्यता बऱ्याच घरांत असते. शिक्षक, तलाठी, पोलीस, महावितरणचे कर्मचारी, आरोग्य विभागातले लोक यांच्या बदल्या होतात. जिल्हा परिषदेच्या शाळेवरचा शिक्षक आज गेवराई तालुक्यात असेल, तर उद्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात. त्यात मुख्यालयी राहण्याच्या अटीचा वाद आहेच. ज्या गावात नोकरी तिथे राहायचं, की मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला? नवरा-बायको दोघंही नोकरीत असतील आणि दोन वेगळ्या तालुक्यांत असतील, तर घर नेमकं कुठे घ्यायचं हाच पहिला प्रश्न होतो.

दुसरं मोठं कारण म्हणजे शिक्षण. गावाकडे पक्कं घर असलेली कितीतरी कुटुंबं लेकरांच्या शाळेसाठी बीड किंवा अंबाजोगाईत खोली करून राहतात. दहावीनंतर तीच मुलं नीट आणि जेईईच्या क्लाससाठी लातूरला जातात. आई मुलांसोबत शहरात, वडील शेतीवर गावात, असं घर काही वर्षं चालतं. ही गरज काही वर्षांनी संपणारी असते. तिच्यासाठी वीस वर्षांचं कर्ज घेण्याआधी धाकटं लेकरू बारावी झाल्यावर आपण या शहरात राहणार आहोत का, हा प्रश्न घरात मोकळेपणाने विचारायला हवा.

वाचलेला पैसा ठेवायचा कुठे?

भाड्याने राहणं फायद्याचं ठरतं, ते एका अटीवर. हप्ता आणि भाडं यातला फरक दर महिन्याला खरोखर बाजूला पडला पाहिजे आणि दहा वर्षांनी तो जागेवर सापडला पाहिजे.

पहिली अडचण सवयीची. हप्ता चुकला तर बँकेचा फोन येतो, बचत चुकली तर कुणाचाच येत नाही. लग्न, दवाखाना, पेरणी, नवी गाडी यात ती रक्कम कधी विरघळते ते कळत नाही. घराचा हप्ता ही सक्तीची बचत असते, आणि अनेक कुटुंबांसाठी घर घेण्याचा खरा फायदा तोच असतो.

दुसरी अडचण बीडला फार महाग पडली आहे. इथे बँकेपेक्षा चार-पाच टक्के जास्त व्याज मिळतं म्हणून लोकांनी मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवी ठेवल्या. मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे, जमीन विकून आलेले आणि घरासाठी साठवलेले पैसे त्यात होते. २०२३ मध्ये बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांतून ठेवी मिळणं थांबलं. लाखो ठेवीदारांचे हजारो कोटी रुपये अडकले. पोलिसांत गुन्हे दाखल झाले, २०२४ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांना अटक झाली, सक्तवसुली संचालनालयाने मालमत्तांवर टाच आणली. पण ठेवीदाराच्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता, की घरासाठी ठेवलेला पैसा घर घ्यायच्या वेळी हातात नव्हता.

इथे एक फरक माहीत असणं गरजेचं आहे. राष्ट्रीयीकृत, खासगी किंवा नागरी सहकारी बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. बँक बुडाली तर मुद्दल आणि व्याज मिळून एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्यांतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. संस्थेच्या नावाच्या पाटीवर झगमगाट कितीही असला, तरी ती रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक नसते.

त्यामुळे घराच्या डाउन पेमेंटचा पैसा बँकेत ठेवायचा असेल तर ५ लाखांची मर्यादा लक्षात घेऊन दोन-तीन बँकांत विभागावा. पोस्टाच्या योजनांमागे केंद्र सरकारची हमी असते. म्युच्युअल फंडातल्या एसआयपीवर दीर्घ काळात जास्त परतावा मिळू शकतो, पण त्याची हमी नसते. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा तिथे ठेवणं जोखमीचं.

मल्टिस्टेटच्या फटक्यानंतर ‘आता कुठेच ठेवायचं नाही, सरळ प्लॉटच घ्यायचा’ असं अनेकांनी ठरवलं. जमीन कुणी पळवून नेत नाही, हा त्यामागचा विचार. जमीन जागेवर राहते हे खरं, पण ती नावावर होईलच असं नाही.

प्लॉटचे कागद आधी, जागा नंतर

बीड जिल्ह्यात घर घेणं म्हणजे बहुतेक वेळा प्लॉट घेऊन बांधणं. जाहिरातींत ‘एनए ४४’ हा शब्द हमखास असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४४ खाली शेतजमीन बिगरशेती करण्याची परवानगी मिळते, त्यावरून हे नाव पडलं. पण जाहिरातीत एनए असणं आणि हातात एनए आदेश व मंजूर लेआउट असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीसाठी अर्ज केलेला असताना ‘एनए होणारच आहे’ म्हणून विकलेले प्लॉट वर्षानुवर्षं तसेच राहतात.

सर्वांत स्वस्त असतो तो ‘बाँडवरचा प्लॉट’. शेताचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडायचे, स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं आणि ताबा द्यायचा. तुकडेबंदी कायद्यामुळे अशा तुकड्याचं खरेदीखत सहजासहजी होत नाही, म्हणून हा मार्ग काढला जातो. नोटरी केलेला करार किंवा मुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. सातबारावर नाव जुन्या मालकाचंच राहतं. तो वारला की त्याची मुलं वारस म्हणून लागतात आणि पुन्हा पैसे मागू शकतात. अशा प्लॉटवर बँक कर्जही देत नाही.

सरकार वेळोवेळी अशा व्यवहारांना दिलासा देतं. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीतल्या बांधकामांना नियमित होण्याची संधी मिळाली. २०२५ मध्ये तुकडेबंदी कायद्यातही शहरी आणि निवासी भागातल्या जुन्या तुकड्यांसाठी सवलत आली. पण ही सवलत अडकलेल्यांना बाहेर काढण्यासाठी आहे. पुढे कधीतरी नियमित होईल या भरवशावर आज नवा तुकडा घेणं म्हणजे आयुष्याची पुंजी सरकारच्या पुढच्या निर्णयावर लावणं.

मराठवाड्यात आणखी एक पेच आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. देवस्थानं, मशिदी आणि दर्ग्यांच्या सेवेसाठी त्या काळी इनाम जमिनी दिल्या गेल्या. खिदमतमाश म्हणजे सेवेच्या बदल्यात दिलेली जमीन, तर मदतमाश म्हणजे उदरनिर्वाहासाठी दिलेली. देवस्थान आणि वक्फच्या जमिनी कसणाऱ्याला परस्पर विकता येत नाहीत. तरीही अशा जमिनींचे व्यवहार झाले आणि त्यावरून जिल्ह्यात गुन्हेही दाखल झाले. शहर वाढत गेलं तशा यातल्या काही जमिनी वस्तीच्या जवळ आल्या आहेत.

म्हणून इसार देण्याआधी सातबारावर ‘भोगवटादार वर्ग’ कोणता आहे ते पाहावं. वर्ग १ असेल तर हस्तांतरणावर साधारणपणे बंधन नसतं. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करता येत नाही. ‘इतर अधिकार’ या रकान्यात इनाम, देवस्थान, वक्फ, कूळ किंवा बँकेचा बोजा अशी नोंद आहे का, तेही बघावं. नुसता आजचा सातबारा पुरत नाही. जुने फेरफार आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्यावा. त्याला काही हजार रुपये लागतात, आणि पूर्ण व्यवहारात तो सर्वांत कमी खर्च असतो. फ्लॅट किंवा मोठ्या प्लॉटिंगची योजना असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर तिचा नोंदणी क्रमांक तपासता येतो.

पाणी कुठून येतं आणि कुठून वाहतं?

बीड शहराला माजलगाव धरण आणि बिंदुसरा प्रकल्पातून पाणी मिळतं. तरी नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येतं आणि उन्हाळ्यात हे अंतर वाढतं. शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांत नळ पोहोचायला आणखी वेळ लागतो. तिथे बोअरवेल, मोठी टाकी आणि टँकर हा घराच्या किमतीचाच भाग समजायला हवा. भाडेकरू एक उन्हाळा काढून घर बदलू शकतो, मालकाला तसं करता येत नाही. म्हणून नव्या वस्तीत प्लॉट घ्यायचा असेल तर तो एप्रिल-मेमध्ये बघावा आणि शेजारच्यांना पाण्याचं विचारावं.

दुष्काळी जिल्हा म्हणून पुराचा विचार कुणी करत नाही. पण जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला आलेल्या पुराने बीड शहराची दैना केली होती. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणा आणि गोदावरीकाठच्या गावांत पाणी शिरलं. नदी किंवा ओढ्याजवळची जागा स्वस्त मिळत असेल तर ती पूररेषेत येते का, हे नगरपालिका आणि पाटबंधारे खात्याकडे विचारूनच पुढे जावं. पूररेषेच्या आत बांधकाम परवानगी अडते आणि परवानगी नाही म्हटल्यावर कर्जही अडतं.

महिन्याचा हप्ता, पण वर्षाची कमाई

पगारदाराला दर महिन्याला पैसे येतात. कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्याला दिवाळीच्या आसपास. ऊसतोड कामगाराला हंगामाआधी मुकादमाकडून उचल मिळते आणि मग दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तो पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतो. लाखो कामगार या जिल्ह्यातून असे जातात. त्यांचं गावातलं घर अर्धं वर्ष कुलूपबंद असतं आणि कुटुंब कारखान्यावर कोपीत राहतं.

अशा कमाईला महिन्याचा हप्ता मानवत नाही. एका साली पाऊस दगा देतो आणि पुढचे बारा हप्ते डोक्यावर येतात. त्यामुळे जिल्ह्यातली असंख्य घरं टप्प्याटप्प्याने उभी राहतात. एका वर्षी जोतं, दोन वर्षांनी भिंती, मग स्लॅब, प्लास्टर पुढच्या हंगामात. बाहेरून हे अर्धवट घर दिसतं, पण त्यात कर्जाचं व्याज नसतं. ज्यांची कमाई अनियमित आहे त्यांच्यासाठी ही पद्धत शहाणपणाची ठरू शकते, फक्त जागेचे कागद पक्के हवेत.

आयटी रिटर्न किंवा पगारपत्रक नसलं की मोठ्या बँका कर्ज देताना हात आखडतात. मग गृहवित्त कंपन्या पुढे येतात, पण त्यांचं व्याज जास्त असतं. २० लाखांवर ८.५ ऐवजी १२ टक्के व्याज लागलं, तर हप्ता १७,३५६ वरून २२ हजारांवर जातो आणि वीस वर्षांत ११ लाखांहून जास्त रक्कम फाजील जाते. डाउन पेमेंट कमी पडलं म्हणून सावकाराकडून वरचे पैसे उचलणं तर दोन्हीकडून जळणारं लाकूड हातात धरण्यासारखं आहे.

विकत घ्यायचं ठरलं तर

सर्व कर्जांचे हप्ते मिळून घरात येणाऱ्या पैशाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावेत. डाउन पेमेंट देऊन झाल्यावरही सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी उरला पाहिजे.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी व्याज अनुदान आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, म्हणजे पाच वर्षांत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये मिळू शकतात. अट अशी, की पती, पत्नी किंवा अविवाहित मुलं यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. गावाकडचं घर वडिलांच्या नावावर आहे की स्वतःच्या, याला इथे महत्त्व येतं.

निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. २५ लाखांवर हे २५ हजार रुपये झाले, आणि घरावर बाईचा हक्क लागला हा फायदा वेगळा.

मात्र ‘टॅक्स वाचेल’ म्हणून घर घेण्याचं कारण आता बरंच दुबळं झालं आहे. १ एप्रिल २०२५ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, आणि पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत, आयकर लागत नाही. स्वतः राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट नव्या प्रणालीत मिळत नाही. ज्याला करच भरायचा नाही त्याला वजावटीचा उपयोगही नाही.

भाड्याने राहायचं ठरलं तर

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट काही सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. नोंदणी न केल्यास घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी ऑनलाइन होते. करारात अनामत रक्कम, ती परत देण्याची मुदत, भाडेवाढ, वीजबिलाचा दर आणि पाण्याचा खर्च हे पाच मुद्दे स्पष्ट लिहून घ्यावेत.

भाड्याचं घर सर्वांना सारख्याच सहजपणे मिळतं असंही नाही. खोली दाखवण्याआधी आडनाव विचारलं जातं, आणि ते ऐकून खोली ‘आताच गेली’ असं सांगितलं जातं. दलित आणि मुस्लिम कुटुंबांना, एकट्या बाईला, फडावर जाणाऱ्यांना हा अनुभव येतो. त्यांच्यासाठी स्वतःचं घर म्हणजे दरवर्षीच्या त्या प्रश्नापासून सुटका असते. वरच्या हिशेबात भाडं दोन लाखांनी स्वस्त पडलं, तरी अशा कुटुंबाने घर घ्यायचं ठरवलं तर तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही.

मग ठरवायचं कसं?

त्याच शहरात किमान सात-आठ वर्षं राहणं नक्की असेल, कमाई दर महिन्याची असेल, डाउन पेमेंटनंतरही हाताशी पैसा उरत असेल आणि वकिलाने कागद पाहून हिरवा कंदील दिला असेल, तर घर घ्यायला हरकत नाही. भाव किती वाढेल याची चिंता मग दुय्यम ठरते, कारण घर राहण्यासाठी घेतलेलं असतं.

यातली एकही गोष्ट डळमळीत असेल, तर भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. फक्त पहिल्या तारखेला घरमालकाला भाडं देतानाच हप्त्यातला फरक सुरक्षित ठिकाणी वळता झाला पाहिजे. बारा महिने हे जमलं, तर हप्ता झेपतो याचीही परीक्षा होऊन जाते. नाही जमलं, तर ते कर्ज घेण्याआधीच कळलं हे बरंच.

आणि ‘आजच इसार द्या, उद्या भाव वाढणार’ असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडून सातबारा, एनए आदेश आणि मंजूर लेआउटची प्रत मागावी. खरा माल असेल तर कागद द्यायला तो आढेवेढे घेणार नाही.